ख्रिस्ती विश्वास, खाणं आणि वजन: कोल्हापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, मिरज या भागातल्या विश्वासणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही वचनांबद्दलचे आहेत, काही चुलीजवळचे, तर काही दवाखान्यातले. तेच तेच सांगणं टाळण्यासाठी उत्तरांत प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल, किंवा गरोदरपण असेल, तर आधी प्रश्न १० वाचा, मग बाकीचं.

१. डाएट म्हणजे डाएट. त्यात विश्वास कशाला आणायचा?

वजन उतरतं ते खाल्लेली आणि खर्च झालेली ऊर्जा यांच्या हिशेबानं. तो हिशेब देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखाच लागू आहे. विश्वास कामाला येतो तो कारण पुरवण्यासाठी. "भावाच्या लग्नात बारीक दिसायचंय" हे कारण लग्नाचा मांडव उतरला की संपतं. शरीराचे आपण मालक नाही, कारभारी आहोत, हे कारण त्यानंतरही उरतं. १ करिंथ १०:३१ मध्ये पौल खाणंपिणंसुद्धा देवाच्या गौरवासाठी करायला सांगतो, म्हणजे ताट हा भक्तीबाहेरचा विषय नाही.

शिवाय ख्रिस्ती घराला एक ताल आधीच असतो: जेवणाआधीची प्रार्थना, रविवारची उपासना, उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), नाताळ. नवी सवय या चालत्या तालाला बांधली की टिकते. ते कसं करायचं, हे प्रश्न ४ मध्ये आहे.

२. "तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे" असं पाळकसाहेब सांगतात. मग जाड असणं पाप आहे का?

नाही. ते वचन (१ करिंथ ६:१९-२०) आधीपासून वाचत या. तिथे विषय व्यभिचाराचा आहे, पोटाच्या घेराचा नाही. शरीर मोल देऊन विकत घेतलेलं आहे हे त्यातलं तत्त्व खाण्यालाही लावता येतं. पण ते वचन दाखवून एखाद्या भगिनीला चारचौघांत "मंदिर जरा मोठं झालंय" म्हणणं हा वचनाचा गैरवापर आहे, आणि दुर्दैवानं तो विनोद म्हणून सर्रास चालतो.

शास्त्र खादाडपणाबद्दल बोलतं, नीतिसूत्रे २३:२०-२१ मध्ये तर स्पष्टच. पण खादाडपणा ही वागणूक आहे आणि वजन हे माप. सडपातळ माणूस खादाड असू शकतो. उलट थायरॉइड, पीसीओडी, स्टिरॉइडच्या गोळ्या, आनुवंशिकता, रात्रपाळी यांमुळे मोजकं खाणाऱ्याचंही वजन वाढतं. १ शमुवेल १६:७ मध्ये देव बाहेरचं रूप पाहत नाही, हृदय पाहतो, असं आहे. ते दोन्ही बाजूंनी लागू आहे: वजन उतरलं म्हणून कोणी जास्त पवित्र होत नाही. आणि एक गंमत अशी, की खुद्द येशूला विरोधकांनी "खादाड आणि दारुडा" म्हटलं होतं (मत्तय ११:१९), कारण तो लोकांच्या पंगतीला बसायचा.

३. माझं वजन खरंच जास्त आहे का, की उगाच लोक म्हणतात?

किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा झाला बीएमआय. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ ठीक, २३ ते २४.९ जास्त आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ५९ किलोच्या आसपास सावध व्हायचं, ६४ ला उपाय सुरू करायचा. १७० सेंटिमीटरला हेच आकडे साधारण ६६ आणि ७२ होतात.

कमरेचा घेर त्याहून जास्त सांगून जातो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप धरा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर धोका. परकराची नाडी किंवा पँटचा नंबर हे माप धरू नका. माणसं पोटाखाली पट्टा बांधतात आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

पहिलं ध्येय लहान ठेवा: सध्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के. ८० किलोच्या माणसाला ४ ते साडेपाच किलो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढं ध्येय होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे.

४. प्रार्थना केली की भूक कमी होते का? नेमकी काय आणि कधी करायची?

प्रार्थनेनं चरबी वितळत नाही. तसं सांगणाऱ्या सभांपासून लांब राहा. प्रार्थना एक मात्र फार चांगलं करते: हात आणि तोंड यांच्यामध्ये थांबा आणते. आपलं बरंचसं जादा खाणं त्या थांब्याच्या अभावी होतं.

जेवणाआधीची प्रार्थना बहुतेक घरांत वाढण्यापूर्वी, घाईत, मुलांच्या तोंडून एका दमात होते. ती ताट पूर्ण वाढून झाल्यावर करा. समोर काय आणि किती आहे हे डोळ्यांनी पाहून आभार माना. ताटात जास्त वाढलं गेलंय हे तिथेच दिसतं आणि काढून ठेवता येतं. पहिलं वाढप संपलं की पाणी प्या आणि दहा मिनिटं थांबा, कारण पोट भरल्याची खबर मेंदूला पोहोचायला वेळ लागतो. त्यानंतरही भूक असेल तर दुसऱ्यांदा घ्या, मनात पुन्हा आभार मानून. ज्या घासासाठी आभार मानायला जीभ रेटत नाही, तो बहुधा भुकेचा घास नसतो.

संध्याकाळी पाच ते सात हा वेळ सगळ्यात अवघड. ऑफिस सुटतं, घरी चिवड्याचा डबा असतो, बाहेर भेळ. या वेळेला एक स्तोत्र बांधून ठेवा, पण रिकाम्या पोटी नाही. आधी मूठभर फुटाणे किंवा एक पेरू, मग स्तोत्र. भुकेल्या माणसाला आधी खायला द्यावं, हे एलीयाच्या गोष्टीतही आहे (१ राजे १९): तो खचून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. झोपेचंही तसंच. रोज पाच-सहा तासच झोपणाऱ्याला गोड आणि तळलेलं जास्त हवंसं वाटतं. त्यामुळे रात्री बारापर्यंत चालणारी प्रार्थनासभा आणि सकाळी सहाची शिफ्ट हे गणित वजनाच्या विरोधात जातं.

५. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा रस्सा सोडायचा? ते जमणार नाही, स्पष्ट सांगतो.

सोडू नका. सगळं अन्न शुद्ध असल्याचं मार्क ७:१९ सांगतं, आणि आभार मानून घेतलेलं काहीही टाकाऊ नाही असं १ तीमथ्य ४:४ मध्ये आहे. बदलायचंय ते रश्श्याचं बांधकाम.

मटणात फारशी अडचण नाही. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम मटणात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. अडचण आहे तर्री, सुकं खोबरं आणि शेवटच्या रस्सा-भातात. सुक्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साडेसहाशेच्या वर कॅलरी, तिळात साडेपाचशेच्या वर, आणि तेलाच्या एका मोठ्या चमच्यात (१५ मिली) सव्वाशेच्या आसपास. पांढऱ्याचा रंग सात्त्विक दिसतो म्हणून लोक तो सूप समजून चार वाट्या पितात, पण त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि वर काजू असतात.

करायचं असं. मटण शनिवारी रात्रीच हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवा आणि अळणी (मटण शिजलेलं पाणी) वेगळं काढा. कोमट झालं की लगेच फ्रिजमध्ये. दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. सकाळी वर पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्यानं सलग निघतो. तो फेका, फोडणीला वापरू नका, नाहीतर केलेलं सगळं फुकट. पांढऱ्यासाठी चौघांना अर्ध्या नारळाचं दूध पुरे. काजू वगळा आणि दाटपणासाठी एक मोठा चमचा खसखस भिजवून वाटा. तांबड्याला चौघांत मिळून २० मिली तेल, म्हणजे चार छोटे चमचे. खोबरं कोरडंच भाजा. एवढ्या तेलात चटणी (तिखट मसाला) जळते ही नेहमीची तक्रार आहे. म्हणून गॅस अगदी बारीक करा, चटणीत दोन चमचे पाणी कालवून मग तेलात सोडा. तर्री जाड येणार नाही, रंग मात्र येतो. आपल्या वर्षाच्या चटणीत मीठ, तेल, खोबरं आधीच असतं. तेव्हा रश्श्यात मीठ शेवटी, चव बघूनच घाला. दिवसभराचं मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत हवं.

ताटात हाडासकट दीडशे ग्रॅम मटण, दोन्ही रस्से एकेक वाटी, मूठभर कांदा-काकडी-मुळा, आणि भाकरी किंवा भात. दोन्ही नाही. "थोडा भात रश्श्याला" हाच तो जादाचा घास.

मिसळीचंही तसंच: मटकी जास्त, फरसाण मूठभरच, कट वेगळ्या वाटीत आणि पुन्हा भरून न घेता, ब्रेडच्या दोन स्लाइसवर थांबणं.

६. भाकरी, गूळ आणि म्हशीचं दूध हे तर आपलं पारंपरिक, पौष्टिक. यानं वजन वाढत नाही ना?

वाढतं, जास्त झालं की. ज्वारीच्या भाकरीत तंतू चांगले, तेल नाही, पोट लवकर भरतं. पण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. तीन भाकऱ्या आणि वर लोण्याचा गोळा म्हणजे एका जेवणात सातशे. बैठं काम असेल तर दीड भाकरी, आणि भाजी-डाळ दुप्पट.

कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, याचा अभिमान जरूर बाळगा. पण कॅलरीच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच आहेत आणि मधुमेहात दोन्ही बंदच धरा. दिवसाला साखर-गूळ मिळून २५ ग्रॅम, म्हणजे पाच छोटे चमचे, एवढी मर्यादा ठेवा. दोन चमच्यांचे चार चहा घेतले तर ती दुपारीच ओलांडते. उसाच्या रसाच्या एका ग्लासात एकट्यात तेवढी साखर असते.

म्हशीच्या पाव लिटर दुधात अडीचशेच्या वर कॅलरी. कट्ट्यावरचा धारोष्ण ग्लास पैलवानाच्या जोर-बैठकांना शोभतो, दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला नाही. घरी तापवून, थंड करून साय काढली की बरीच चरबी जाते. अर्थात त्याच सायीचं तूप घरातल्यांनीच खाल्लं तर हिशेब पुन्हा तिथेच.

७. आठवडाभर नीट चालतं, रविवारी सगळं बिघडतं. काय करावं?

कारण बहुधा मटण नसून रिकामं पोट असतं. सकाळी घाईत चहा-बिस्किट, मग उपासना, नंतर आवारात गप्पा, घरी पोचेपर्यंत साडेबारा. त्या भुकेत माणूस दुप्पट खातो आणि चारपर्यंत झोपतो. उपासनेला जाण्याआधी दोन उकडलेली अंडी किंवा एक वाटी मोडाची उसळ खा. जेवणानंतर लगेच आडवं न होता वीस मिनिटं चाला.

कॅथलिक वाचकांसाठी: मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधीचा उपवास फक्त एक तासाचा आहे, पाणी आणि औषध त्यात चालतं, आजारी आणि वृद्धांना तोही लागू नाही. त्यामुळे सकाळचा नाश्ता टाळायचं कारण नाही.

८. घरसभेनंतर प्रत्येक घरी पोहे, शिरा, भजी असतात. नाही म्हटलं तर यजमानांना वाईट वाटतं.

आठवड्यात दोन घरसभा, एक महिला मंडळ आणि एक तरुण संघ धरला तर चार नाश्ते झाले, आणि तेही रात्री आठनंतर जेवणाआधी. इथे एकट्यानं लढू नका, मंडळीनं मिळून ठरवा: सभेनंतर बिनसाखरेचा किंवा अर्ध्या साखरेचा चहा, सोबत शेंगा, फुटाणे किंवा एक फळ. गरीब घरावरचा ओझ्याचा भागही त्यानं हलका होतो. एकीनं भजी केली की दुसरीला कटलेट करावं लागतं, ही चढाओढ कोणाला हवी असते?

ठराव होईपर्यंत: बशी हातात घ्या, यजमानांच्या हातचं थोडं खा, त्या पदार्थाचं नाव घेऊन कौतुक करा आणि रात्रीच्या जेवणातून एक भाकरी कमी करा. "मी डाएटवर आहे" हे जाहीर करू नका. मग पुढची दहा मिनिटं त्याच विषयावर जातात.

९. उपवासकाळात चाळीस दिवस उपवास धरला तर वजन उतरेल का?

उतरेल कदाचित, पण तो हेतू ठेवून धरलेला उपवास हे डाएटच. दोन्ही करा, मिसळू नका. मत्तय ६:१६-१८ मध्ये येशू उपवास लोकांना दिसू नये म्हणतो. वजनकाट्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणारा नेमकं उलट करतो. यशया ५८ तर उपवासाची परीक्षा भुकेल्याला आपली भाकर वाटण्यात पाहतो. सोडलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढून कोणाच्या तरी घरी किराणा पोचवा.

नियमांचं म्हणाल तर कॅथलिकांना राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) आणि गुड फ्रायडेला उपवास बंधनकारक आहे: वय १८ ते ५९, एक पूर्ण जेवण आणि दोन अल्पाहार, जे मिळून पूर्ण जेवणाएवढे होऊ नयेत. मांसवर्जन १४ वर्षांपासून पुढे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ठरलेला नियम नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस ४६ येतात, कारण मधले ६ रविवार उपवासात मोजत नाहीत.

वजन वाढतं ते उपवास सोडताना. आपल्याकडे शेजारच्या घरांची साबुदाणा खिचडी ख्रिस्ती उपवासातही शिरली आहे: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी! त्यापेक्षा एक वेळ मुगाची आमटी, भाकरी आणि पालेभाजी हा साधा उपवास चांगला. दिवसभर काही न खाता रात्री ताट भरून जेवणाऱ्यांचं वजन पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतं. त्यात बरंचसं पाणी असतं आणि ते ईस्टरच्या आठवड्यात परत येतं.

१०. मला मधुमेह आहे / बीपीची गोळी चालू आहे / मी गरोदर आहे. उपवास धरू का?

आधी डॉक्टर, मग पाळक. हा क्रम उलटा करू नका.

मधुमेहात धोका गोळीवर अवलंबून असतो. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या जेवण नसतानाही साखर खाली ओढतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटात लांब उपाशी राहिल्यास आणि पाणी कमी पडल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तो साखर फार वाढलेली नसतानाही होऊ शकतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर जोखीम त्या मानानं कमी. गोळीची मात्रा स्वतः बदलू नका आणि "आज उपवास म्हणून गोळीही नाही" असंही करू नका.

उपवासात ग्लुकोमीटर जवळ ठेवा. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, की उपवास तिथेच सोडायचा. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणं दिसली तर मोजायलाही थांबू नका: तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी तपासा, गरज पडली तर पुन्हा तेवढीच घ्या आणि मग जेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. बोटाला टोचल्यानं उपवास मोडत नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या, किडनीचे रुग्ण, क्षयाचे उपचार घेणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले, वाढीच्या वयातली मुलं आणि प्रश्न १८ मधला त्रास असलेले, यांनी अन्नाचा उपवास धरू नये. निर्जळी उपवास तर कोणीच नको. उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि तोवर ऊन तापलेलं असतं. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांवर त्या दिवसांत चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

अन्नाशिवायही उपवास करता येतो: चहातली साखर, रात्रीचा मोबाइल, टीव्हीच्या मालिका, चहाड्या. यातला शेवटचा सगळ्यात अवघड.

११. दानीएल उपवास काय आहे? त्यानं वजन उतरतं का?

दानीएल १ मध्ये चार तरुण दहा दिवस शाकाहार आणि पाण्यावर राहिले. दानीएल १० मध्ये दानीएलानं तीन आठवडे मांस, द्राक्षारस आणि रुचकर अन्न वर्ज्य केलं. त्यावरून २१ दिवस फळं, भाज्या, कडधान्यं, धान्यं आणि पाणी अशी पद्धत रूढ झाली. आता दानीएल १:१५ वाचा: दहा दिवसांनंतर ते चौघे इतरांपेक्षा धष्टपुष्ट दिसले! तेव्हा वजन उतरवण्याची हमी म्हणून हा अध्याय दाखवू नका.

नीट केलं तर २१ दिवसांत फायदा होतो, कारण तळण, साखर, मैदा सुटतो. फसतं ते असं: मांस नाही म्हणून बटाटेवडे, साबुदाणावडे आणि फळांचे रस सुरू होतात. रोज दोन वाट्या डाळ-उसळ, दोन वाट्या पालेभाजी, दीड-दोन भाकऱ्या, दोन फळं (चावून, रस नाही), मूठभर शेंगदाणे आणि तीन चमचे तेल एवढं धरा. २१ दिवसांच्या पुढे रेटायचं असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाचा विचार करावा लागतो. मधुमेहींनी प्रश्न १० वाचूनच.

१२. "शरीरसाधना थोडक्यात उपयोगी आहे" असं पौलच म्हणतो. मग व्यायाम कशाला?

१ तीमथ्य ४:८ मध्ये तुलना सुभक्तीशी आहे. थोडक्यात का होईना, उपयोगी म्हटलंय, निरुपयोगी नाही. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम पुरेत. रंकाळ्याचा काठ असो वा विद्यापीठाचा परिसर, वेग ओळखायची खूण एकच: बोलता येतं पण गीत गाता येत नाही. आरामात गाता आलं तर पाऊल उचला. ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, थोडं थांबून पुन्हा दहा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

नुसत्या चालण्यानं वजन फार उतरत नाही. अर्धा तास चालून खर्च झालेलं एका वड्यात भरून निघतं. ताटातला बदल आधी.

१३. नाताळचा फराळ आणि केक यांचं काय करायचं?

खा. पण १५ डिसेंबरपासून तळता तळता "चव बघणं" सुरू होतं, तिथे लक्ष ठेवा. खरा फराळ २५ तारखेआधीच पोटात गेलेला असतो. एका करंजीत दीडशेच्या आसपास कॅलरी, मोठी असेल तर जास्त. साचा लहान घ्या, घाणा निम्मा करा, पाहुण्यांना देऊन उरलेलं २७ तारखेला वाटून टाका. निर्गम १६ मधला मान्ना साठवला की किडायचा. शंकरपाळ्या किडत नाहीत हीच अडचण. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी वजन उतरवण्याचं ध्येय ठेवू नका. वाढलं नाही तरी खूप झालं.

१४. शेजाऱ्यांकडून प्रसाद, दिवाळीचा फराळ, म्हाईचं जेवण येतं. घ्यावं का?

हे दोन प्रश्न आहेत. सद्सद्विवेकाचा प्रश्न १ करिंथ ८ व १० आणि रोम १४ मध्ये आहे. विश्वासणाऱ्यांत त्यावर मतभेद आहेत, तुमच्या पाळकांशी बोला. वजनाचा प्रश्न सोपा: एक लाडू एक लाडूच असतो, कोणाच्याही घरचा. नाकारण्यासाठी श्रद्धा पुढे करायची आणि मनात कारण डाएटचं असायचं, किंवा उलट, असं मात्र नको. शेजाऱ्याला ते कळतं.

१५. आमच्या मंडळीत वजन कमी करण्याचा गट सुरू करायचाय. कसा चालवावा?

आठ ते दहा जण, बारा आठवडे, आठवड्यातून एकदा पाऊण तास. दहा मिनिटं वचन, दहा मिनिटं स्वयंपाकघराचा एकच विषय (तेल कसं मोजायचं, रात्रीच्या जेवणाची वेळ, चहातली साखर), मग प्रत्येकानं मागच्या आठवड्यात ठरवलेली एक गोष्ट किती दिवस जमली ते सांगायचं. शेवटी जोडीजोडीनं प्रार्थना.

वजन सगळ्यांसमोर करू नका. प्रत्येकानं घरी, आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच कपड्यांत करावं आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहावा. गटात आकडे सांगितले की स्पर्धा लागते, पैजा लागतात, आणि ज्याचं वजन उतरत नाही तो पाचव्या आठवड्यापासून यायचा थांबतो. आधीच्या-नंतरच्या फोटोंसह "साक्ष" सांगण्याची हौसही आवरा. ज्याचं वजन परत वाढेल त्याला ती साक्ष पुढे वर्षभर चावते. पहिल्या आठवड्यात भराभर उतरणारं पाणी आणि नंतरचा संथ वेग हे सुरुवातीलाच समजावून सांगा, नाहीतर संथ वेगाचा अर्थ "विश्वास कमी पडला" असा लावला जातो.

गटप्रमुखानं औषधांबद्दल काही सांगू नये, पावडरी आणि शेक विकू नयेत. हे दुसरं ठरावातच लिहून घ्या.

१६. सगळं करूनही वजन अडकलंय. प्रार्थना कमी पडते का?

आधी तेलाचा डबा बघा. माणशी दिवसाला २० ते २५ मिली म्हणजे महिन्याला ६०० ते ७५० मिली. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सव्वाशेच्या वर कॅलरी जादा जातात, आणि "आम्ही तर साधंच खातो" हे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं.

दुसरं, वजन घटलं की शरीराची गरजही घटते, त्यामुळे तीन महिन्यांपूर्वीचं ताट आता जास्त ठरतं. तिसरं, कमरेचा घेर मोजा. काटा अडकला तरी तो कमी होत असेल तर चाललंय ते बरोबर आहे. दोन महिने दोन्ही जागचे हलले नाहीत, किंवा थकवा, केसगळती, पाळीची अनियमितता, घोरणं असेल, तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. मनोविकाराच्या काही गोळ्या आणि स्टिरॉइड वजन वाढवतात. कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका.

१७. वजनाची इंजेक्शनं किंवा ऑपरेशन म्हणजे देवावर भरवसा नाही असं होतं का?

नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण हा प्रश्न विचारत नाही. लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). आपल्या भागात तर डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उभारलं ते विश्वासापोटीच.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भूक कमी करतात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. पित्ताशयाचे खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज हे गंभीर. गरोदरपणात चालत नाहीत. सोडल्यावर वजन बहुधा परत वाढतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, कोणा ओळखीच्याकडून घेऊ नका. ही चालू असताना भूक मुळातच कमी असते. त्यात उपवास धरला तर पाणी आणि प्रथिनं दोन्ही कमी पडतात.

१८. जास्त खाल्लं की फार अपराधी वाटतं. मग दोन दिवस उपवास धरते, कधी ओकारी काढते. हे प्रायश्चित्त आहे ना?

नाही, हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. लपून खूप खाणं, मग ओकारी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, उपवासाच्या नावाखाली दिवसेंदिवस उपाशी राहणं, वजन कमी असूनही जाड असल्याचं वाटणं, या खुणा आहेत. वारंवार ओकारीनं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. देहाला निर्दयपणे वागवणं धार्मिक दिसतं पण उपयोगाचं नाही, हे कलस्सै २:२३ मध्ये स्पष्ट आहे. पापाचं मोल वधस्तंभावर दिलं गेलं आहे, ते पोटाकडून पुन्हा वसूल करायचं नसतं.

अन्नाचा उपवास पूर्ण बंद करा, घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पाळकांसाठी: अशा व्यक्तीला "आत्मसंयम वाढव" सांगू नका. तिच्याकडे संयम जरुरीपेक्षा जास्त आहे.

१९. मुलगा दहा वर्षांचा, गुबगुबीत आहे. त्यालाही आमच्याबरोबर डाएटवर घ्यावं का?

नको. वाढीच्या वयात वजन उतरवायचं नसतं. ते थोडं स्थिर ठेवलं की उंची वाढते आणि प्रमाण आपोआप जुळतं. घरासाठी एकच ताट ठेवा: गोड पेयं आणि पाकिटातले खाऊ घरात आणू नका, दूध दोन ग्लासांवर नको, रोज तासभर मैदानात खेळू द्या. रविवारशाळेत बक्षीस म्हणून चॉकलेट देण्याची पद्धत असेल तर पेन्सिल, रंग, वचनांची कार्डं सुचवा. त्याच्या शरीरावर घरात कोणी, आजीनंसुद्धा, टोपणनाव ठेवू नये. मानेवर काळी मखमली घडी दिसली, तो घोरत असेल किंवा वजन फार वेगानं वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.